खुर्चीला चार पट्टे, माणसाला दोन

शिरूर तालुक्यातल्या मांडवगण फराट्याहून पुणे गाठायचे तर दोन वाटा आहेत. एक न्हावऱ्यावरून शिक्रापूरला निघून नगर रस्त्याला लागते. दुसरी भीमा ओलांडून दौंड तालुक्यात शिरते आणि चौफुल्याला सोलापूर रस्त्याला मिळते. गुऱ्हाळे आणि कारखाने सुरू झाले की दोन्ही वाटांवर उसाने लादलेल्या ट्रॅक्टरच्या जोड-ट्रॉल्या आणि बैलगाड्या चालू लागतात. अंधार पडल्यावर त्यांचा मागचा दिवा दिसेलच याची खात्री नसते. शिवाय प्रत्येक गावाच्या तोंडाशी गतिरोधक. धडधाकट माणूस या प्रवासात दोन-चार वेळा पुढच्या सीटला हात टेकून स्वतःला सावरतो आणि विसरून जातो. ज्याला पायाचा जोर नाही, कमरेचा तोल नाही, कधी हाताची पकडही नाही, त्याला सावरायला काय आहे?

असा माणूस गावोगाव आहे. झाडावरून किंवा विहिरीत पडून मणका मोडलेला, मोटारसायकलच्या अपघातात अधू झालेला, अर्धांगवायूचा झटका आलेला, लहानपणी पोलिओ झालेला, सेरेब्रल पाल्सी असलेले लेकरू. यांना दवाखाना चुकत नाही. कधी न्हावऱ्याचे ग्रामीण रुग्णालय, कधी दौंडचे उपजिल्हा रुग्णालय, दिव्यांगत्वाच्या दाखल्यासाठी पुण्यात औंधचे जिल्हा रुग्णालय किंवा ससून. घरचे लोक गाडी ठरवतात, चौघे मिळून उचलतात, बसवतात, खुर्ची मागे टाकतात आणि निघतात. उचलण्याची काळजी सगळे घेतात, कारण तिथे माणूस पडताना डोळ्यांना दिसतो. बांधण्याकडे कोणाचे लक्ष जात नाही. या प्रकरणाचा सगळा रोख त्या बांधण्यावर आहे.

धडक नव्हे, ब्रेक

अमेरिकेच्या राष्ट्रीय महामार्ग वाहतूक सुरक्षा प्रशासनाने १९९१ ते १९९५ या पाच वर्षांत व्हीलचेअरवरच्या माणसांना वाहनांमुळे झालेल्या इजांचा अंदाज काढून तो १९९७ मध्ये प्रसिद्ध केला. जखमींची संख्या सात हजारांच्या वर होती. त्यांपैकी साधारण ३५ टक्के जण खुर्ची नीट न बांधल्यामुळे किंवा मुळीच न बांधल्यामुळे जखमी झाले होते. १९ टक्के जखमा उचलयंत्र बिघडल्याने, १५ टक्के खुर्चीतून गाडीत किंवा गाडीतून खुर्चीत जाताना, तर ६ टक्के उतारावरून घसरल्याने झाल्या होत्या. गाडीने खुर्चीला धडक दिल्याचे प्रकार २६ टक्क्यांच्या आसपास होते. म्हणजे चारातल्या तीन जखमा चढणे, उतरणे आणि बांधणे यांतल्या ढिलाईच्या होत्या.

न बांधल्याने इजा का होते, याचे कारण शाळेतल्या विज्ञानात आहे. गाडी थांबते तेव्हा फक्त गाडी थांबते. आतले सामान आणि माणसे मूळ वेगानेच पुढे जात राहतात, कशाने तरी अडेपर्यंत. ताशी ४० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एखाद्या ट्रॉलीवर आदळली तर न बांधलेल्या माणसाला बसणारा दणका सुमारे सहा मीटर उंचीवरून, म्हणजे दुमजली घराच्या गच्चीवरून खाली पडण्याइतका असतो. गाडी महागडी असली तरी हा हिशोब बदलत नाही. ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात सूर्या नदीच्या पुलावर झालेल्या अपघातात उद्योगपती सायरस मिस्त्री आणि त्यांच्या शेजारी बसलेले सहप्रवासी मरण पावले. मागच्या सीटवरच्या या दोघांनी पट्टा लावला नव्हता, असे पोलिसांनी तेव्हा सांगितले. पुढचे दोघे जबर जखमी झाले, पण वाचले.

व्हीलचेअरच्या बाबतीत आणखी एक भर पडते, ती म्हणजे खुर्चीचे स्वतःचे वजन. घडीची साधी खुर्ची १८-२० किलोंची, बॅटरीवरची ८०-१०० किलोंचीसुद्धा असते. प्रयोगशाळेत अशा खुर्च्यांची चाचणी ताशी ४८ किलोमीटर वेगाने घेतात. धडकेच्या क्षणी प्रत्येक वस्तूवर तिच्या वजनाच्या सुमारे वीसपट जोर येतो. म्हणजे २० किलोंची खुर्ची ४०० किलोंच्या जोराने पुढे ओढली जाते आणि १०० किलोंची खुर्ची दोन टनांच्या. खुर्चीचे ब्रेक म्हणजे रबरी चाकाला दाबून धरणारी एक छोटी दांडी असते. ती दोन टन काय, दोनशे किलोंपुढेही टिकणार नाही. विहिरीवरची मोटर दुरुस्तीला न्यायची तर आपण ती पिकअपच्या हौद्यात नुसती ठेवून निघत नाही. चारी बाजूंनी आवळतो, वर एक हिसका देऊन बघतो. माणूस बसलेली खुर्ची मात्र ब्रेक लावून सोडून देतो.

पहिला प्रश्न: खुर्ची की सीट?

ज्याला खुर्चीतून सीटवर बसवता येते, त्याला सीटवरच बसवावे. गाडीची सीट, तिचा पट्टा आणि डोक्यामागची उशी हे तिन्ही एकमेकांसाठी बनवलेले असतात आणि त्यांची चाचणी झालेली असते. आपल्याकडे घरोघरी दिसणारी घडीची खुर्ची सहसा घरात आणि दवाखान्यात फिरवण्यासाठी असते. धडक सोसण्यासाठी ती बनवलेली नसते.

गाडी निवडताना सीटची उंची पाहावी. व्हीलचेअरची बैठक जमिनीपासून साधारण ५० सेंटिमीटरवर असते. छोट्या मोटारीची सीट त्याच्या आसपास असते, म्हणून माणूस सरकवता येतो. उंच जीपगाड्यांत मात्र तो उचलावाच लागतो आणि घोळ तिथे होतो. दणकट म्हणून जीप ठरवली जाते, पण चढणाऱ्याला ती सोयीची नसते.

बदलीची रीत अशी. पुढची सीट शक्य तेवढी मागे सारून तिची पाठ थोडी कलती करायची. खुर्ची दाराशी तिरकी लावायची, सीटशी ३० ते ४५ अंशांचा कोन होईल अशी. दोन्ही ब्रेक लावायचे, पाय ठेवायच्या पट्ट्या बाजूला वळवायच्या आणि सीटकडचा हात निघत असेल तर काढायचा. खुर्ची आणि सीट यांच्यामधल्या फटीवर एक गुळगुळीत फळी टाकायची. गावातला सुतार ती सहज करून देईल: हातभर लांबीपेक्षा थोडी मोठी, कडा गोल केलेली, पॉलिश करून चकचकीत घासलेली. माणूस तिच्यावरून थोडा थोडा सरकतो. आधी बैठक आत, मग डोके वाकवून धड आत, पाय सगळ्यांत शेवटी. अर्धांगवायू झालेल्याला चांगल्या अंगाच्या दिशेने सरकवावे, म्हणजे तोल धरायला त्याचा चांगला हात आणि पाय पुढे असतो.

उचलावेच लागले तर दोन माणसे हवीत. मागच्याने रुग्णाच्या काखेतून हात घालून त्याचेच हात छातीवर आडवे धरायचे. पुढच्याने गुडघ्यांखाली हात घालायचे. नुसत्या काखेत हात घालून किंवा दंडाला धरून ओढू नये. लुळ्या बाजूच्या खांद्याला स्नायूंचा आधार उरलेला नसतो. एका हिसक्यात सांधा निखळतो आणि मग महिनोन्‌महिने दुखत राहतो. 'एक, दोन, तीन' कोणी म्हणायचे हेही आधी ठरवावे. ज्याला उचलायचे त्यालाच म्हणू द्यावे हे उत्तम. आपल्याला कसे धरले की दुखते, हे चौघांपेक्षा त्याला जास्त माहीत असते.

बसवल्यावर पट्टा. त्याची खालची पट्टी पोटावरून नव्हे, ओटीपोटाच्या खाली, कमरेच्या हाडांवरून जायला हवी. पोटावर राहिलेला पट्टा धडकेत आतडी आणि यकृत दाबतो. वरची पट्टी खांद्याच्या मधोमध आणि छातीच्या हाडावरून गेली पाहिजे, मानेला घासता कामा नये.

रिकामी झालेली खुर्चीही सामानच आहे. ती घडी करून डिकीत ठेवावी किंवा सीटच्या पाठीशी पट्ट्याने आवळावी. टपावर टाकायची तर दोरी फ्रेममधून ओवावी, चाकातून नव्हे. सुटणारे भाग, म्हणजे पायपट्ट्या, हात आणि गादी, एका पिशवीत घालून गाडीच्या आत ठेवावेत. वाटेत पडलेली एक पायपट्टी पुढचे कित्येक महिने पाय लोंबकळत ठेवते.

खुर्चीतच बसून जायचे तर

काहींना सीटवर बसवता येत नाही. खुर्ची त्यांच्या पाठीच्या बाकाप्रमाणे घडवलेली असते, किंवा अंग फार ताठ असते, किंवा बॅटरीची खुर्ची उचलण्यापलीकडची असते. मग खुर्ची माणसासकट गाडीत चढते. अशा वेळी बांधणे दोन वेगवेगळ्या कामांचे असते आणि ती एकमेकांत मिसळायची नसतात: खुर्ची गाडीला बांधायची आणि माणूसही गाडीलाच बांधायचा. माणसाला खुर्चीला बांधून खुर्ची मोकळी सोडली, तर ४०० किलोंचा जोर त्याला पाठीमागून ढकलतो. खुर्ची बांधून माणूस मोकळा सोडला, तर खुर्ची जागेवर राहते आणि तो समोरच्या सीटवर जातो.

खुर्चीला चार पट्टे लागतात, दोन पुढून आणि दोन मागून. समोरच्या धडकेत सगळा ताण मागच्या दोन पट्ट्यांवर येतो, म्हणून त्यांचे आकडे खुर्चीच्या सगळ्यांत भक्कम जागी, वेल्डिंगने जोडलेल्या मुख्य फ्रेमवर अडकवायचे. चाक, पायपट्टी, हात यांना कधीही नाही. हे भाग निघण्यासाठीच बनवलेले असतात. प्रवासाची चाचणी झालेल्या खुर्चीवर या चार जागी आकड्याचे छोटे चिन्ह असते. अशा खुर्च्यांसाठी आयएसओ ७१७६-१९ आणि पट्ट्यांसाठी आयएसओ १०५४२ ही आंतरराष्ट्रीय मानके आहेत. पट्ट्यांच्या चाचणीत ८५ किलोंची नमुना खुर्ची आणि तिच्यात प्रौढ पुरुषाएवढा पुतळा बसवून दणका देतात. खुर्ची किंवा पट्टे विकत घेताना दुकानदाराला या मानकांचे क्रमांक सांगावेत आणि वस्तूवर ते छापलेले आहेत का ते पाहावे.

ट्रकवाल्यांकडचा रॅचेटचा पट्टा रिकामी खुर्ची धरायला पुरेसा आहे. माणूस बसलेल्या खुर्चीसाठी नाही. सुती दोर, सुंभ, गुरांचे दावे, रबरी नाडी यांतले काहीच चालत नाही. दोर ताणतो, रबर तर ताणण्यासाठीच असते. पट्टा कितीही चांगला असला तरी तो गाडीच्या नुसत्या पत्र्यात ठोकलेल्या कडीला अडकवला तर पत्रा फाटून कडी हातात येते. कडीचे बोल्ट तळाखालच्या पोलादी सांगाड्यात किंवा जाड पट्टीत बसवायला हवेत. हे काम जाणत्या कारागिराचे आहे.

माणसाला दोन पट्टे, कमरेचा आणि खांद्याचा. कमरेचा पट्टा खुर्चीच्या हातांच्या वरून न नेता त्यांच्या खालून, अंगाला चिकटून न्यायचा. हातांवरून नेला तर पट्टा आणि मांडी यांच्यामध्ये वितभर पोकळी राहते. धडकेत माणूस तेवढा पुढे जातो आणि पट्ट्याखालून निसटतो. खुर्चीला शिवलेला वेल्क्रोचा पट्टा बसण्याचा आकार धरून ठेवायला असतो. तो राहू द्यावा, पण त्याच्या भरवशावर राहू नये.

खुर्चीचे तोंड पुढे हवे. आडवी खुर्ची, म्हणजे जुन्या जीपमध्ये समोरासमोर बाकांवर बसतात तशी, सगळ्यांत धोक्याची. माणसाचे शरीर पुढून येणारा दणका बऱ्यापैकी सोसते, बाजूने येणारा नाही. खुर्चीही त्या अंगाला लगेच उलटते. एक अपवाद आहे: भक्कम, गादी लावलेल्या आडभिंतीला पाठ टेकवून मागे तोंड करून बसणे. लंडनच्या जुन्या काळ्या टॅक्सींत व्हीलचेअर अशीच बसत असे. डोक्यासमोर मोकळी जागाही लागते. खांद्याचा पट्टा असेल तर सुमारे ६५ सेंटिमीटर, नुसता कमरेचा असेल तर ९५, कारण धड तेवढे पुढे झुकते. मांडीवरचा जेवणाचा ट्रे काढून ठेवावा आणि पिशव्या, ऑक्सिजनचा सिलिंडर, बॅटरी हे सगळे वेगळे बांधावे.

चढण आणि उतार

इमारतींच्या उतारासाठी १ ला १२ हे प्रमाण सांगतात: एक फूट चढायचे तर बारा फूट लांबी. गाडीचा तळ ६० सेंटिमीटर उंच असेल तर या हिशोबाने सुमारे सव्वासात मीटरची फळी लागेल. ती कोणी बाळगत नाही. मागून ढकलणारा दणकट माणूस असेल तर १ ला ६, म्हणजे ३ मीटर ६० सेंटिमीटर, निभावते. त्याहून तीव्र उतारावर मागे दोघे हवेत.

गावात यावर सोपा उपाय आहे: फळी लांब करण्याऐवजी उंची कमी करायची. घराचा ओटा, शेताचा बांध, सोसायटीच्या गोदामाचा धक्का अशा उंच जागेला गाडी मागून टेकवली की ६० सेंटिमीटरचे २० होतात आणि दीड मीटरची फळी पुरते. फळीला दोन्ही कडांना बोटभर उंच किनार हवी. तिचे वरचे टोक गाडीला अडकलेले हवे, नाहीतर खुर्ची अर्ध्यात असताना फळी सरकते. चढताना माणसाचे तोंड गाडीकडे, ढकलणारा मागे. उतरताना उलटे: खुर्ची पाठीकडून उतरवायची, धरणारा खालच्या बाजूला. तोंड पुढे करून उतरवले तर तोल नसलेला माणूस सरळ पुढे कोसळतो. गाडीचे इंजिन बंद, हातब्रेक लावलेला आणि चाकाला दगड, हे तर झालेच पाहिजे.

अंगाला न कळणाऱ्या गोष्टी

मणक्याला इजा झालेल्याच्या पायांना स्पर्श कळत नाही, चटका कळत नाही. चैत्रात उन्हात तापलेल्या गाडीची काळी रेग्झिनची सीट किंवा पट्ट्याचे लोखंडी कुलूप त्याच्या मांडीला भाजते आणि हे घरी पोचून कपडे बदलताना दिसते. बसवण्यापूर्वी सीटवर आपला हात ठेवून पाहावा, वर चादर घालावी. पाय उघड्या पत्र्याला किंवा इंजिनच्या बाजूला टेकू देऊ नयेत. इजा मानेजवळ असेल तर अंगाला घामही नीट येत नाही. अशा माणसासाठी वारा, पाणी आणि ओला टॉवेल हवा.

खुर्चीवरची गादी घरी विसरू नये. दोन तास एकाच जागी बसले की बैठकीच्या हाडांवरची कातडी दबते, रक्त पोचत नाही आणि जखम सुरू होते. ती भरायला महिने लागतात. दर अर्ध्या तासाने दोन मिनिटे एका अंगावर, मग दुसऱ्या अंगावर कलावे. निघण्यापूर्वी लघवीची पिशवी रिकामी करावी आणि नळी कुठे मुडपली नाही ना ते पाहावे. छातीच्या सहाव्या मणक्याच्या वर इजा असलेल्यांत मूत्राशय तुंबले की रक्तदाब एकदम चढतो, डोके ठणकते, चेहरा लाल होतो. अशा वेळी गाडी थांबवून माणसाला ताठ बसवावे, नळी मोकळी करावी आणि लगेच बरे वाटले नाही तर सर्वांत जवळचा दवाखाना गाठावा.

कायदा कुठवर पोचला?

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ चे कलम ४१ वाहतुकीची साधने सर्वांना वापरता येतील अशी करण्याची जबाबदारी सरकारवर टाकते. केंद्रीय मोटार वाहन नियमांत डिसेंबर २०१९ मध्ये दुरुस्ती झाली. १ मार्च २०२० पासून बसमध्ये राखीव आसने, खुणा, आधाराच्या दांड्या, कुबड्या अडकवायची सोय आणि व्हीलचेअर चढवून अडकवून ठेवण्याची व्यवस्था यांचा नियमांत समावेश झाला. नोव्हेंबर २०२४ मध्ये राजीव रतुरी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने बजावले की, सुगमतेची किमान मानके ही निव्वळ शिफारस असू शकत नाही, ती बंधनकारकच हवीत.

पुणे शहरात याची फळे दिसतात. तिथे मेट्रोच्या डब्यात खुर्ची सरळ आत जाते. शिरूर तालुक्यातून जाणाऱ्या नगर रस्त्यावरूनच १ जून १९४८ रोजी राज्यातली पहिली एसटी धावली. आज एसटी दिव्यांगांना भाड्यात ७५ टक्के सवलत देते, पण साध्या बसच्या उंच पायऱ्या ती सवलत वापरू देत नाहीत. १०८ ची रुग्णवाहिका २०१४ पासून राज्यभर आहे, पण ती आणीबाणीसाठी. दाखल्याच्या तारखेला किंवा फिजिओथेरपीला ती येणार नाही. मुंबईत 'ईझी मूव्ह'सारख्या सेवेने व्हीलचेअर चढेल अशा टॅक्सी आणल्या. खेड्यात मात्र सगळा भार ओळखीच्या गाडीवाल्यावरच आहे.

म्हणून सोय गावातच करावी लागेल आणि त्यासाठी पैसा अगदीच नाही असे नाही. महाराष्ट्रात ग्रामपंचायतीला स्वउत्पन्नातला ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्च करायचा असतो. तो बहुतेक वेळा थोडा थोडा वाटून संपतो. त्यातून चार पट्ट्यांचा प्रमाणित संच, किनारीची घडीची फळी आणि दोन-तीन सरकवण्याच्या फळ्या घेऊन ग्रामपंचायतीत ठेवाव्यात, असा ठराव ग्रामसभेत मांडता येईल. आसपासच्या चार गावांनी मिळून एका गाडीवाल्याला तळात कड्या बसवायला मदत केली, तर भाड्याची गाडीही तयार होईल. गाडीत असा बदल करायचा तर आरटीओची मंजुरी आणि नोंद लागते. मांडवगणची गाडी त्यासाठी पुण्याला जाईल, एमएच-१२ ला. नदीपलीकडची दौंडची बारामतीला, एमएच-४२ ला. नोंद टाळू नये, नाहीतर अपघातानंतर विमा कंपनीला हात झटकायला निमित्त मिळते.

तोवर गाडीवाल्याने किल्ली फिरवण्याआधी मागे वळून तीन गोष्टी हाताने ओढून पाहाव्यात: खुर्ची हलते का, कमरेचा पट्टा हाडावर आहे का, सुटे सामान बांधले आहे का. मग बसलेल्या माणसाला विचारावे, 'बरोबर आहे ना?' तो 'थांबा' म्हणाला तर थांबावे. न्हावरा यायच्या आत एकदा गाडी बाजूला घेऊन पट्टे पुन्हा आवळावेत, कारण नवीन आवळलेला पट्टा पहिल्या दोन-चार गतिरोधकांत हमखास सैल पडतो.